'नोटोरियस' आजोबा आणि ५७० शब्द

जाडजूड शब्दांच्या याद्या पाठ केल्या, तरी ऐनवेळी तोंडातून शब्द फुटत नाही? मग यादी जरा बाजूला ठेवा. इंग्रजीचा शब्दसाठा कसा वाढतो, कुठे फसतो आणि आपल्या मराठीत त्याच्या किती किल्ल्या दडलेल्या असतात, याचा हा स्वानुभव.

सेकंड इयरची गोष्ट. 'माझ्यावर प्रभाव टाकणारी व्यक्ती' या विषयावर पाच मिनिटांचं प्रेझेंटेशन होतं, तेही इंग्रजीतून. मी आजोबांवर बोलायचं ठरवलं. आमचे आजोबा म्हणजे गावच्या भजनी मंडळाचे बुवा. आसपास कुठेही सप्ताह बसला, की पहिलं बोलावणं त्यांना. रात्री जागून मी स्क्रिप्ट लिहिली. 'फेमस' हा शब्द फारच शाळकरी वाटला, म्हणून वहीतल्या समानार्थी शब्दांच्या यादीतून एक भारी शब्द उचलला आणि दुसऱ्या दिवशी भरलेल्या वर्गासमोर पूर्ण कॉन्फिडन्सनं सांगितलं, "माय ग्रँडफादर इज नोटोरियस इन ऑल द नियरबाय व्हिलेजेस."

पहिल्या बाकावरून फिस्सकन हसू आलं. मग अख्खा वर्ग हसला. मला कळेचना काय झालं. तास संपल्यावर मॅडमनी बाजूला घेऊन सांगितलं, 'नोटोरियस' म्हणजे प्रसिद्ध खरं, पण वाईट कामासाठी. मराठीत ज्याला आपण कुप्रसिद्ध म्हणतो, तो. म्हणजे माझ्या भजनीबुवा आजोबांना मी साठ जणांसमोर दरोडेखोरांच्या रांगेत नेऊन बसवलं होतं.

आज हे सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. पुढचं अख्खं सेमिस्टर मी वर्गात इंग्रजीतून एकही प्रश्न विचारला नाही. कॉलेज फेस्टच्या अँकरिंगसाठी विचारलं, तेव्हा घसा बसल्याचं कारण सांगितलं. घसा ठणठणीत होता. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून शहरातल्या कॉलेजात आलेल्या आपल्यासारख्या किती जणांचा घसा असा ऐनवेळी 'बसतो', हे तुम्हालाही चांगलंच माहीत असेल.

त्या सेमिस्टरच्या सुट्टीत मात्र मी ठरवलं, की हे प्रकरण एकदा नीट समजून घ्यायचं. त्यातून जे हाती लागलं, ते तुमच्यासमोर ठेवतेय.

नेमके किती शब्द हवेत?

डिक्शनरीचा जाडजूड ठोकळा बघूनच आपला धीर सुटतो. पण भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी हा हिशेब मांडून ठेवलाय. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची, तर ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं ओळखीची हवीत. तेवढी असली, की दर पन्नास शब्दांमागे एखादाच अनोळखी निघतो आणि तो संदर्भावरून कळतो.

इथे 'शब्दकुटुंब' हा शब्द महत्त्वाचा. 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसायसिव्ह', 'इनडिसिजन' हे चार वेगळे शब्द नाहीत, एकाच घरातली माणसं आहेत. एकाशी ओळख झाली, की बाकीच्यांशी पटकन होते.

तरी ८ हजार हा आकडा मोठा वाटतोच. तर मग सुरुवात कुठून करायची? याचं उत्तर त्याच न्यूझीलंडमधल्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २०००मध्ये देऊन ठेवलंय. आर्ट्स, कॉमर्स, लॉ आणि सायन्स अशा चारही शाखांचा सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून त्यांनी एक यादी काढली, 'अॅकॅडेमिक वर्ड लिस्ट'. रोजच्या वापरातले सर्वांत सोपे २ हजार शब्द वगळून उरलेल्यांतले जे शब्द चारही शाखांत पुन्हा पुन्हा येतात, ते यात आहेत. शब्दकुटुंबं फक्त ५७०. आणि अभ्यासाच्या पुस्तकांमधला साधारण दहा टक्के मजकूर एवढ्यांतच सामावतो.

'सिग्निफिकंट', 'कन्सिस्टंट', 'डिराइव्ह', 'इम्प्लाय', 'सबसिक्वेंट', 'अॅम्बिग्युअस', 'कोहेरंट', 'इन्हेरंट' ही त्यातली काही मंडळी. हे शब्द कानाला भारी लागत नाहीत, व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकून लाइक्स मिळवण्यासारखेही नाहीत. पण तुमच्या टेक्स्टबुकचं पान ज्यांच्यामुळे अडतं, ते हेच. रोज तीन या हिशेबानं १९० दिवसांत, म्हणजे साधारण सहा महिन्यांत ५७० होतात. 'युबिक्विटस' आणि 'सेस्क्विपिडेलियन'च्या मागे लागण्याआधी ही यादी पक्की करा. ती इंटरनेटवर मोफत मिळते.

किल्ली आपल्या खिशात

दुसरी गोष्ट कळली, तेव्हा मला अक्षरशः लॉटरी लागल्यासारखं वाटलं. १७८६मध्ये कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स या न्यायाधीशानं मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमधलं साम्य इतकं आहे, की त्या एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात. इंग्रजीही त्याच गोतावळ्यातली. इंग्रजी संस्कृतातून निघाली, असा याचा अर्थ नाही बरं का! त्या एकमेकींच्या लांबच्या बहिणी. पण चेहऱ्यात साम्य आहे आणि त्याचा आपल्याला घसघशीत फायदा होतो.

बघा हं. दंत म्हटलं, की 'डेंटल' आणि 'डेंटिस्ट' आलेच. मृत्यूपाशी 'मॉर्टल', 'मॉर्च्युरी' आणि 'इम्मॉर्टल'. अग्नीपाशी 'इग्नाइट'. नौकेपाशी 'नेव्ही', 'नॅव्हिगेट' आणि 'नॉटिकल'. पदयात्रेतल्या 'पद'पाशी 'पेडल' आणि 'पेडेस्ट्रियन'. युवापाशी 'जुव्हेनाइल'. विधवेपाशी 'विडो'. लघुपाशी 'लेव्हिटी', म्हणजे गंभीर प्रसंगी दाखवलेला हलकेपणा. भ्रातृभावापाशी 'फ्रॅटर्निटी'. जो शब्द इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही घोकावा लागतो, त्याचं मूळ आपल्याला सहावी-सातवीतच भेटलेलं असतं.

याच्या जोडीला लॅटिनची थोडी मुळं शिकून घेतली, की गाडी आणखी पळते. 'बेने' म्हणजे चांगलं, 'मॅल' म्हणजे वाईट. त्यावरून 'बेनिफिट', 'बेनेव्होलंट', 'बेनिफॅक्टर' एका बाजूला आणि 'मॅलिस', 'मॅलाइन', 'मॅलिग्नंट' दुसऱ्या बाजूला. 'डिक्ट' म्हणजे बोलणं. मग 'प्रेडिक्ट' म्हणजे आधीच सांगणं, 'काँट्राडिक्ट' म्हणजे विरुद्ध बोलणं, 'व्हर्डिक्ट' म्हणजे खरं काय ते सांगणं. 'स्पेक्ट' म्हणजे बघणं. 'इन्स्पेक्ट', 'स्पेक्टेटर', 'रेट्रोस्पेक्ट', आता पुढचे तुम्हीच शोधा.

नॉर्मन लुईस यांचं 'वर्ड पॉवर मेड इझी' हे १९४९मधलं पुस्तक आजही पुण्याच्या अप्पा बळवंत चौकापासून फुटपाथवरच्या स्टॉलपर्यंत सगळीकडे दिसतं, ते याच पद्धतीमुळे. ते मुळांवरून शब्द शिकवतं. आमच्या होस्टेलवर जवळपास प्रत्येक खोलीत त्याची एक प्रत होती आणि प्रत्येक प्रतीची पहिली तीसच पानं मळलेली होती. पुढची कोरी करकरीत! तर विकत घेणार असाल, तर एकतिसाव्या पानाची तयारी ठेवून घ्या.

मुळांवर डोळे झाकून विसंबू मात्र नका. 'इन' लागलं की उलटा अर्थ, असं समजून 'इन्फ्लेमेबल' म्हणजे 'न पेटणारं' असा अर्थ काढलात, तर घात होईल. त्याचा अर्थ 'पटकन पेट घेणारं' असाच आहे. टँकरवर हा शब्द दिसला, तर लांबच थांबा.

आणि जाता जाता, घेणं एकतर्फी नाही. इंग्रजीतला 'मंगूस' हा आपल्या मुंगसावरूनच गेलाय.

शब्दांचेही मित्र असतात

आता परत 'नोटोरियस'कडे. माझी खरी चूक काय झाली? मी शब्द एकटा शिकले. 'फेमस बरोबर रिनाउन्ड, बरोबर एमिनंट, बरोबर नोटोरियस' असं गणितासारखं समीकरण पाठ केलं. भाषेत असं बरोबरचं चिन्ह फार क्वचित लागतं.

मराठीत विचार करा. काटकसरी आणि चिक्कू. दोघंही पैसे कमीच खर्च करतात, पण लग्न जमवताना स्थळाबद्दल यातला कुठला शब्द वापरायचा, हे काय आईला शिकवावं लागतं? इंग्रजीत तोच फरक 'थ्रिफ्टी' आणि 'स्टिंजी'मध्ये आहे. 'चाइल्डलाइक' म्हटलं तर कौतुक, निरागस. 'चाइल्डिश' म्हटलं तर पोरकट. अर्थासोबत शब्दाचा स्वभावही टिपून ठेवायचा, तो असा.

तसंच शब्दाची सोबत. आपल्याकडे पाऊस मुसळधार असतो आणि चहा कडक. कडक पाऊस आणि मुसळधार चहा कुणी म्हणत नाही. इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो, चहा 'स्ट्राँग'. गुन्हा 'कमिट' करतात, चूक 'मेक' करतात, लक्ष 'पे' करतात. असं का, याला उत्तर नाही. वापरानं ठरलेलं असतं.

त्यामुळे नुसता मराठी अर्थ देणाऱ्या अॅपवर भागवू नका, 'लर्नर्स डिक्शनरी' बघायची सवय लावा. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. परक्या मुलांना शब्दाचा अर्थ कळतो पण वाक्यात वापरता येत नाही, ही अडचण ओळखून त्यांनी सहकाऱ्यांसह एक कोश बनवला. तो १९४२मध्ये जपानमध्ये निघाला आणि १९४८मध्ये ऑक्सफर्डनं छापला. तीच पुढे 'ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' झाली. म्हणजे ती बनलीच मुळी आपल्यासारख्यांसाठी. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिन्हींच्या लर्नर्स डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहेत. त्यात अर्थासोबत वाक्यं असतात आणि नापसंती दाखवणारा शब्द असेल, तर तशी खूणही असते. ती मी तेव्हा बघितली असती, तर आजोबांची अब्रू वाचली असती.

लग्नपत्रिका आणि बुटाचं खोकं

शब्द कळला, लिहिला, छान वाटलं. चार दिवसांनी? पाटी कोरी. यात तुमच्या डोक्याचा दोष नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५मध्ये दाखवून दिलं, की नवं पाठ केलेलं विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि नंतर तो मंदावतो. म्हणूनच परीक्षेच्या आदल्या रात्री तीनशे शब्द घोकण्यापेक्षा तेच शब्द थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा आठवून बघणं जास्त टिकतं.

१९७०च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी यावर एक घरगुती यंत्र लोकप्रिय केलं, एक साधं खोकं. मी ते बुटाच्या खोक्यापासून बनवलं. आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. कार्डं कशाची, तर घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींची. नवा शब्द पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा महिन्यानं. अर्थ आठवला, तर कार्ड पुढच्या कप्प्यात. नाही आठवला, की साप-शिडीसारखं थेट पहिल्यात! 'अंकी' नावाचं अॅपही याच तत्त्वावर चालतं. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे. पण हातानं कार्ड लिहिण्यात जी मजा आहे, ती वेगळीच. माझ्या 'रिलक्टंट'च्या मागे अजून 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' दिसतं, त्यामुळे तो शब्द मी जन्मात विसरणार नाही.

कार्डाच्या पुढच्या बाजूला नुसता शब्द लिहू नका. रिकामी जागा सोडून अख्खं वाक्य लिहा. मागे शब्द, त्याच्या सोबतीचे एक-दोन शब्द, नेमका मराठी प्रतिशब्द आणि स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य.

आणि नवे शब्द आणायचे कुठून? सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे एकच बातमी दोन भाषांत वाचायची, आधी मराठीत, मग इंग्रजीत. विषय आधीच कळलेला असतो, त्यामुळे इंग्रजी शब्द आपोआप उलगडतो. मुंबईच्या पावसाची एकच बातमी घेतली, तर त्यात 'डेल्यूज', 'इनन्डेटेड', 'डिसरप्ट', 'स्ट्रँडेड' असे चार शब्द सहज मिळतात. रोज एक बातमी आणि त्यातले तीनच शब्द. लोकलच्या प्रवासात होतं.

परीक्षेत काय लागतं?

ज्याची परीक्षा तशी तयारी. 'जीआरई'नं २०११मध्येच विरुद्धार्थी शब्द आणि अॅनालॉजीचे सुटे प्रश्न काढून टाकले. आता वाक्यातल्या रिकाम्या जागेत नेमका बसणारा शब्द निवडावा लागतो. 'कॅट'मध्ये भर उताऱ्यांवर असतो. 'एसएससी'च्या परीक्षांमध्ये मात्र समानार्थी, विरुद्धार्थी, अनेक शब्दांबद्दल एक शब्द हे प्रकार अजून आहेत. त्यासाठी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्याला पर्याय नाही. पण कुठलीही परीक्षा असो, वाक्यातून शिकलेला शब्द जास्त उपयोगी पडतो.

एका शब्दाची किंमत

हे सगळं मार्कांसाठीच आहे, असं मलाही वाटायचं. इंटर्नशिपच्या दुसऱ्या आठवड्यात ते उतरलं. डेस्कवर एका चोरीच्या तपासाची इंग्रजी बातमी मराठीत करायला दिली होती. मूळ मजकुरात 'अलेज्ड मास्टरमाइंड' असं होतं. मी झरझर लिहून टाकलं, 'या टोळीचा मुख्य सूत्रधार.' कॉपी तपासणाऱ्या ताईंनी त्याच शब्दाभोवती लाल गोल केला आणि विचारलं, "यातलं 'कथित' कुठे गेलं?"

मी म्हटलं, "ताई, तो शब्द तसा छोटाच होता..."

त्या म्हणाल्या, "छोटा? अगं, कोर्टानं अजून ठरवलेलं नाही आणि तू ठरवून मोकळी झालीस. उद्या हा माणूस निर्दोष सुटला, तर आपण छापलेलं पुसायला कोण जाणार?"

त्या दिवशी मी चार कार्डं केली. 'सस्पेक्ट' म्हणजे संशयित. 'अक्यूज्ड' म्हणजे आरोपी. 'कन्व्हिक्ट' म्हणजे दोषी ठरलेला. 'अक्विट' म्हणजे निर्दोष सोडणं, आणि ते जामिनावर सुटण्याहून वेगळं. या चार शब्दांच्या मध्ये एखाद्या माणसाचं आयुष्य उभं असतं.

तुमच्या शाखेतही असे शब्द आहेतच. मेडिकलला 'बिनाइन' आणि 'मॅलिग्नंट' यात गल्लत झाली, तर पेशंटचं काय होईल? इंजिनीअरिंगला 'अॅक्युरेट' आणि 'प्रिसाइज' एक नाहीत. कॉमर्सला 'रेव्हेन्यू' म्हणजे 'प्रॉफिट' नव्हे. आपल्या कामात चुकून चालणार नाहीत असे वीस शब्द आधी शोधा. माझ्या मते खरं 'अॅडव्हान्स्ड' इंग्रजी ते. उगाच भारदस्त वाटण्यासाठी मोठा शब्द वापरायचा मोह झाला, तर जॉर्ज ऑरवेल आठवा. बिहारमधल्या मोतीहारीत जन्मलेल्या या लेखकानं १९४६मध्ये इंग्रजी लिहिणाऱ्यांना बजावलं होतं, की छोट्या शब्दानं काम होत असेल, तर मोठा वापरू नका.

आठवडाभराचा प्लॅन

सोमवार ते शुक्रवार: एक बातमी दोन भाषांत, तीन नवे शब्द, तीन कार्डं. वेळ वीस मिनिटं.

रोज रात्री: खोक्याचा पहिला कप्पा आणि ज्याची पाळी असेल तो कप्पा. वेळ दहा मिनिटं.

शनिवार: एक मूळ घ्या आणि त्याचं कुटुंब शोधा. मराठीत कुणी नातेवाईक सापडतो का, तेही बघा.

रविवार: आठवड्यातले पाच शब्द वापरून शंभर शब्दांचा परिच्छेद लिहा आणि मित्राला किंवा मैत्रिणीला मोठ्यानं वाचून दाखवा. हसले तर हसू द्या, चूक मात्र विचारून घ्या.

परवा गावी गेले, तेव्हा धीर करून आजोबांना तो 'नोटोरियस'चा किस्सा सांगितला. त्यांनी ट्रंकेतून स्वतःची जुनी 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' काढली. पिवळी पडलेली पानं आणि समासात पेन्सिलीनं लिहिलेले शब्द. आमचे आजोबाही कधीकाळी याच वाटेनं गेले होते, हे मला ठाऊकच नव्हतं. मग चष्मा पुसत म्हणाले, "पोरी, लहानपणी पाटलाच्या मळ्यातले आंबे कोण पाडायचं, विचार गावात. अगदीच काही चुकीचं बोलली नव्हतीस तू."

पुढच्या महिन्यात कॉलेजचा फेस्ट आहे आणि माजी विद्यार्थिनी म्हणून मला अँकरिंगसाठी विचारलंय. या वेळी घसा बसलेला नाही. तुमचा कसा आहे?